वायर ओढून बघणारे मास्तर

कीबोर्डला हात लावायच्या आधी मास्तर मागची वायर ओढून बघायचे. "जित्ती हाय का?" असं वायरीलाच विचारायचे आणि मग बसायचे. तुम्ही लग्नात जेवता जेवता स्टेजकडं नजर टाकली असेल, तर कोपऱ्यात मान खाली घालून वाजवणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याकडं कोणी बघत नाही. कोणी बघत नाही, याचाच मला आता राग येतो.

मी वर्ध्याकडची. नववीत शाळा सुटली. आवाज बरा म्हणून एका ओळखीनं कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात आले. लग्न, हळद, बारसं, बोलावतील तिथं गायचं. घरी आई माझ्याच भरवशावर. त्यामुळं कायम धास्ती, की आज चुकले तर उद्या बोलावतील का? म्हणून मोबाईलवर गाणं परत परत ऐकून मी ते जसंच्या तसं गळ्यात उतरवायची.

पहिल्याच तालमीत मास्तरांनी मला मधेच थांबवलं.

"बाईचा श्वास पण चोरलास की गं!"

मला कळेना.

"मोबाईलमधली बाई जिथं दम घेती, तिथंच तू घेतीस. तुझी छाती येगळी न्हाय व्हय?"

डोळ्यात पाणी आलं. "मास्तर, मले इतकंच येते," तोंडातून गावाकडची बोली निसटली. बाकीचे वादक फिदीफिदी हसले. मास्तर त्यांच्यावरच उखडले. "दात काय काढताय रं? हिच्या बोलण्यात हेल हाय आणि गाण्यात न्हाय. मधी कुठं सांडला, त्ये बघा की आधी!"

तरुणपणी मास्तर मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात पियानो वाजवायचे. जॅझ. मला तो शब्दही नवा होता. मी विचारलं तर म्हणाले, "कुस्ती." त्यांचे वडील तालमीतले पैलवान. "डाव पाठ करायचं, मरंस्तवर करायचं. पण कुस्ती पाठ करता येत न्हाय. समोरचा काय करतोय ते अंगानं ऐकायचं. घरनं ठरवून आलीस की पाठ टेकली म्हणून समज."

आमची तालीम पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत चालायची. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि आम्ही वैतागून थांबायचो. मास्तर नाही थांबायचे. एका पट्टीवर बोट ठेवून गिरणीचा सूर शोधायचे आणि तोच धरून गाणं पुढं न्यायचे. मधेच गिऱ्हाईकाची ज्वारी पडली की गिरणीचा आवाज जड व्हायचा, तसे मास्तरही खाली उतरायचे. "ज्वारी आली बघ," म्हणून एकटेच खूश. त्या खोलीत मी पहिल्यांदा न घाबरता गायले. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

आता रागाचं सांगते.

पेठ वडगावला एका लग्नात कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी लॅपटॉप आणला होता. सगळी वाद्यं त्यात आधीच भरलेली, आम्ही वरून फक्त गायचं. ढोलकीवाल्याला आणि गिटारवाल्याला घरी बसवलं होतं. मास्तरांना मात्र बोलावलं, कारण स्टेजवर काहीतरी दिसायला हवं. लॅपटॉपचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी सवयीनं वायर ओढली. ती अख्खी हातात आली. दुसरं टोक गालिच्यावर पडलं होतं. कीबोर्डचे दिवे लागले होते, पण आवाज बाहेर जायला वाटच नव्हती.

"मालक, ही मेली की."

"मेली न्हाई, मास्तर, काढलीया. तुम्ही नुसती बोटं हलवायची. पगार तोच."

"का पण?"

"लोकांस्नी मोबाईलमधलं गाणं पायजे. तुम्ही दर वेळी येगळंच वाजवताय. परवा नवरीचा मामा इचारत हुता, ह्ये कंचं गाणं म्हणून."

"मग सांगायचं हुतं की, आजचं हाय म्हणून!"

मला वाटलं, उठून जातील. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण पुढचं गाणं माझं होतं. मी माइक घेऊन पुढं आले होते, ते त्यांनी पाहिलं. ते बसले. "गा," एवढंच म्हणाले.

लॅपटॉपवरचा ट्रॅक सुरू झाला. मी कीबोर्डला अगदी खेटून उभी होते. मुक्या पट्ट्यांवर मास्तरांची बोटं पडत होती. ठक्. ठक् ठक्. सूर नाही, नुसते ठोके. आणि ते ट्रॅकप्रमाणं वाजवत नव्हते. कुठं आधी पडत होते, कुठं मुद्दाम मागं राहत होते. दुसऱ्या कडव्यात मी जिथं त्या बाईचा दम घ्यायची, तिथं त्यांनी बोटं उचलून धरली आणि माझ्याकडं बघितलं.

मी दम घेतलाच नाही. ओळ लांबवली. गावाकडचा हेल आला आणि मी त्याला येऊ दिलं. ट्रॅक पुढं निघून गेला. मी मागून सावकाश त्याला गाठलं. पंगतीत कोणाचा घास थांबला नाही.

खाली उतरल्यावर मालक ओरडले, "ट्रॅक सोडलास! परत असं केलंस तर गावाकडं जायचं!"

"तिनं न्हाय सोडला," मास्तर म्हणाले. "तुमच्या ट्रॅकला थांबता येत न्हाय. त्याला धाडा गावाकडं." मग ती वायर हाताला गुंडाळून त्यांनी नीट कीबोर्डवर ठेवली. जाताना मला म्हणाले, "आज दम तुझा हुता."

ते परत आले नाहीत. फोन लागत नाही, त्यांच्या राहत्या खोलीला कुलूप आहे. मालक म्हणतात, म्हातारा हेकट होता. मालकांनी मला काम दिलं, आईचं औषध त्यावर चालतं, ते मी विसरत नाही. पण हेकट म्हणाले की अंगाचा तिळपापड होतो.

आता कीबोर्डवर मालकांचा भाचा असतो, काळा चष्मा लावून डुलत. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. मी त्याच्या शेजारी उभी राहून गाते. प्रत्येक गाण्यात एक जागा अशी ठेवते, की तिथं ट्रॅक पुढं जातो आणि मी जात नाही. मालक रागानं बघतात. मीही बघते.

आणि गायच्या आधी मागं जाऊन वायर ओढते. ती रोज अख्खी हातात येते.