बुजवलेल्या फटी

लहानपणी मी अभ्यासाला बसलो की आई आमच्या पत्र्याच्या घराच्या फटींत चिंध्या कोंबायची, तरी वारा यायचाच. त्या आठवणीने काल मी फ्लॅटमधल्या तिच्या खोलीच्या खिडक्यांना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. उदबत्ती फिरवून पाहिली. धूर कुठेच हलला नाही. मला फार बरं वाटलं.

आज सकाळी तिच्या खोलीचं दार उघडलं, तर आईने पत्र्याच्या घरातल्या सवयीने कोळशाची शेगडी पेटवून पलंगाशी ठेवलेली.

"डोकं जड झालंय रे," ती म्हणाली. जीभ अडखळत होती.

शेगडी बाहेर नेली, पट्ट्या ओरबाडून खिडक्या उघडल्या, तिला गॅलरीत बसवलं. डॉक्टरांना फोन केला. बंद खोलीत कोळशाच्या वायूने माणूस झोपेतच जातो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. तिला सांगायचं मात्र राहिलं. ज्या फटींना आम्ही वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, त्यांनीच आम्हाला जगवलं असेल का?

डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. दुपारी आईचा डोळा लागला. मी हाक मारली.

"काय रे?"

"काही नाही."

थोड्या वेळाने पुन्हा मारली.

"आहे मी अजून," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपू दे."