कोंडीरामचं राहिलेलं कडवं

गाणं शिकून बिघडलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आमचा कोंडीराम. दारूनं बिघडलेले पिंपरीत पैशाला पासरी, त्यांचं काय एवढं! पण हा शिकवणी लावून बिघडला.

मी मालोजी. कोंडीरामच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचो आणि कंपनीत त्याच्या शेजारच्याच, पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. बासष्ट-त्रेसष्ट साली ती कंपनी बांधायला बार्शीकडून जी माणसं आली, त्यात कोंडीरामची आई जाईबाई होती. नवरा वारलेला, हाताशी हे एकच लेकरू, डोक्यावर घमेलं. तिनं जिथं पाया भरला तिथंच पुढं तिचा लेक कामाला लागला. कोंड्या शाळेत जायला लागला तेव्हा दिवसभर माती वाहून आलेली ही बाई रात्री त्याच्या पाटीवर अक्षरं गिरवायची. सही करायला शिकली. पगाराच्या दिवशी मुकादमानं शाईचं पॅड पुढं केलं की त्याच्याकडं अशी बघायची, की तो बिचारा पेन शोधायला लागायचा.

ह्याच्यावर कोंडीरामनं गाणं केलं:

घमेलं मायच्या माथ्यावरी, पाटी माझ्या हाती,
अ आ इ ई गिरवत बसली माझ्यासंगं राती.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा ढोलकीवरचा हात थांबला होता. आणि शेवटच्या कडव्यात त्याची छाप होती. आमच्या गाण्यांची ती रीतच आहे, कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. छाप नसलेलं गाणं म्हणजे मोकाट बैल, कुणीही दावं बांधावं. कोंडीरामनं छापेत आईचंही नाव घातलं:

जाईचा कोंडीराम सांगे, ऐका नातीगोती,
अंगठा सुटला, सही आली माझ्या मायच्या हाती.

जाईबाईनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "कोंड्या, माझं नाव त्या भोंग्यावर वाजंल का रं? साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं?"

"रेकॉर्डच काढतो, माय," कोंडीराम म्हणाला. "वस्तीचं काय घेऊन बसलीस? साऱ्या पिंपरीत वाजंल."

आणि गंमत अशी, की त्याच साली जयंतीच्या कार्यक्रमात पुण्याच्या एका रेकॉर्डवाल्यानं आमचं गाणं ऐकलं. "दिवाळीनंतर या, एक बाजू तुम्हाला देतो," म्हणाला. तसंच उठून गेलो असतो तर काम झालं होतं. पण कोंडीरामला वाटलं, असं अडाण्यासारखं कसं जायचं? पेटी हवी, राग हवा, आलाप हवा! झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेला आणि चिंचवडच्या कामगार केंद्रात संध्याकाळच्या संगीत वर्गाला नाव घालून आला.

तिथले उद्धवराव मास्तर शिस्तीचे. रागाची चढण एका आठवड्यात, उतरण पुढच्या आठवड्यात, आणि झालेलं परत सांगणार नाहीत. इकडं कंपनीची शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. दुपारपाळी आली की संध्याकाळचा वर्ग बुडाला. आता नशीब बघा, रागाचा आरोह शिकवायचा तेव्हा ह्याची सकाळपाळी, आणि अवरोहाच्या आठवड्यात हा प्रेसवर. दुसरा राग काढला, तरी तेच. दिवाळीपर्यंत कोंडीराम चार रागांत झकास वर चढायला शिकला. खाली कसं यायचं ते माहीत नाही.

"शिफ्ट बदलून घे की," मी म्हणालो.

"फोरमन देत न्हाई, भाऊ."

"मग आलाप सोड! तुझं गाणं काय वाईट होतं का रे?"

"शास्त्राशिवाय गाणं म्हंजे बिनमिठाचं कालवण, मालोजीभाऊ," तो म्हणाला. सहा महिन्यांपूर्वी ह्याला सा कुठला नि रे कुठला कळत नव्हतं, आणि आता मला मीठ शिकवतो!

दिवाळी झाली. पुण्याला गेलो. काचेमागं बसलेल्या साहेबानं बजावलं, "तीन मिनिटं. रेकॉर्डवर तेवढीच जागा आहे. हात वर केला की संपवायचं. आणि एकदाच बरं का, बाहेर भजनी मंडळ खोळंबलंय." आम्ही माना डोलावल्या. लाल दिवा लागला.

कोंडीरामनं डोळे मिटून आलाप सुरू केला. वर गेला, आणखी वर गेला, वरच्या 'सा'वर जाऊन पोचला. वा! आणि तिथंच राहिला. झाडावर चढलेल्या मांजरासारखी गत. उतरायला बघतो, सूर सापडत नाही, पुन्हा वर जातो. मी ढोलकीवर थाप देऊन बोलावतोय, कोरसवाला किसन खोकतोय, पण हा आपला वरच. शेवटी त्यानं मधला जिनाच सोडला आणि धाडकन गाण्यात उडी मारली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं संपतंय तोवर साहेबाचा हात वर. लाल दिवा गेला.

"साहेब, छाप राहिली," कोंडीराम म्हणाला. चेहरा पांढरा पडलेला.

"फार छान झालं," साहेब म्हणाला. "पुढचे या."

आता हेच गाणं पडलं असतं तर निदान शांतता होती. पण नाही! ते चाललं. पिंपरी कॅम्पात दुकानादुकानात वाजायला लागलं, रहाटणीच्या लग्नांत, चिखलीच्या उरुसात. त्यातल्या आलापाची तर लोक नक्कल करायचे. म्हणायचे, काय तयारी आहे गड्याची, उतरतच नाही! आणि रेकॉर्डच्या कागदावर नुसतं 'गायन पार्टी' लिहिलेलं, त्यात छाप नसल्यामुळं गाणं कुणाचंही झालं. कोण म्हणे मुंबईच्या कवीचं, कोण म्हणे नागपूरच्या. कोंडीराम कँटीनमध्ये "माझं आहे" म्हणाला, तर शेजारचा म्हणतो, "मग छाप कुठाय, राव?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो, पण माझ्या धावण्यानं कडवं थोडंच येणार?

ह्या सगळ्यात जाईबाईचे हाल मला बघवेनात. कुठं भोंगा वाजला की म्हातारी हातातलं टाकून दारात उभी. गाणं संपेपर्यंत ऐकणार. तिसरं कडवं संपून सुई खरखरायला लागली की थोडा वेळ तशीच थांबणार, आणि मग आत जाणार. कोंडीरामनं तिला सगळं समजावलं होतं. तरी उभी राहायची. तो रडकुंडीला येऊन मला म्हणाला, "भाऊ, मी शिकलो नसतो तर मायचं नाव वाजलं असतं."

पुढच्या जयंतीला वस्तीत मांडव पडला. भोंगा भीमराजचा. त्यानं रेकॉर्ड लावली. जाईबाई बायकांत पुढं बसलेली. तिसरं कडवं संपलं, सुई खरखरली, भीमराज दुसरी रेकॉर्ड काढायला वळला, आणि म्हातारी उठली.

"ए, थांब. गाणं सपलं न्हाई अजून."

सरळ माईकपाशी गेली. कोंडीराम पेटीवर होता, त्यानं घाबरून सूर धरला, तोही सवयीनं वरचाच. म्हातारीनं तिथनंच उचललं. आवाज चिरका, दात दोनतीन गेलेले, पण त्या वरच्या सुरावरनं ती डोक्यावरचं घमेलं सांभाळत फळीवरनं उतरावं तशी एकेक पाय टाकत खाली आली. कोंडीरामची बोटं तिच्या मागोमाग आली. ज्याच्यासाठी त्यानं सहा महिने मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या, ती उतरण त्या दिवशी त्याच्या हाताला लागली. आणि म्हातारीनं कडवं टाकलं:

जाई सांगे, बायांनो गं, ऐका नातीगोती,
अंगठा सुटला, सही आली माझ्या माझ्या हाती.

बायकांनी ते उचलून धरलं. दोनदा, तीनदा म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ढोलकी कशी वाजवली मला ठाऊक नाही.

पण अहो, कडव्यातनं कोंडीरामचं नाव गेलं ना! मांडव उठल्यावर तो हळूच म्हणाला, "माय, कडवं चुकलीस. जाईचा कोंडीराम सांगे, असं हाय ते."

जाईबाईनं त्याच्याकडं बघितलं, मुकादमाकडं बघायची तसंच.

"सही कुणाला आली? तुला का मला?"

आज ऐंशी साल उलटून गेलंय. कोंडीरामला आता जनरल शिफ्ट मिळाली, वर्ग नेमानं होतो, आरोह-अवरोह सगळं पाठ. वस्तीत अजून तीच रेकॉर्ड लागते, भीमराज सुई उचलतो आणि बायका राहिलेलं कडवं म्हणतात. पाहुणा कुणी विचारतो, गाणं कुणाचं? पेटीवर बसलेला कोंडीरामच सगळ्यांच्या आधी सांगतो, "छाप ऐकली न्हाई व्हय? जाईबाईचं."