होडीच्या तोंडाशी बयाबाई

भादव्यातला पाऊस तीन दिवस नुसता झिरपत होता. धड कोसळत नव्हता, धड उघडत नव्हता. बयाबाईनं म्हशीला पेंढा टाकला, चुलीवर पेज चढवली आणि त्याच विस्तवावर एरंडाचं पान शेकून उजव्या खांद्याला बांधलं. हात कानाच्या वर जात नव्हता. आणि होडीच्या आठवड्यातले चार दिवस अजून उरले होते.

वाडी सावित्री नदीच्या अल्याड, आणि महाडचा बाजार, गिरण, दवाखाना सगळं पल्याड. होडी वाडीनं मिळून बांधलेली, म्हणून चालवायचीही मिळून. भागोजी आणि मोरू वल्ह्यांवर, वाडीच्या नात्यानं बयाबाईचा सासरा लागणारा म्हातारा कुशाबा सुकाणूवर, हे कायमचे. होडीच्या तोंडाशी, काठ आला की तळाला रेटायचा बांबू घेऊन मात्र घरटी एकानं आठवडाभर उभं राहायचं. ज्या घरचं माणूस आलं नाही, त्या घरानं वर्षभर होडीत पाय ठेवायचा नाही. घरोघरचे बाप्ये मुंबईला, म्हणून बांबू बायकांच्या हाती आला. त्याला काय अक्कल लागते, असं कुशाबाचं म्हणणं, आणि ते कुणी खोडलं नव्हतं. अठरा पावसाळे बयाबाईची पाळी तिथंच उभ्यानं गेली होती.

तिचा नवरा रावजी मुंबईच्या गोदीत टगवर खलाशी. टग म्हणजे मोठ्या बोटींना ढकलून धक्क्याला लावणारी ठेंगणी, दांडगी बोट. १९६६च्या त्या गणपतीला तो घरी आला, तो उजव्या हाताची दोन बोटं दोरखंडात घालवून. बायकोच्या जागी बांबू धरीन म्हणाला, पण मूठच वळेना.

सकाळच्या पहिल्या खेपेला रावजीही होडीत चढला. बयाबाई कुशाबाला म्हणाली, “मामंजी, हात उचलत नाय. आजच्या दिवस दुसरं कुणी बघा.”

“दुसरं कोण बघू? बस खाली गप. सुकाणू माझ्या हातात हाय. त्या बांबूवाचून काय अडत नाय.”

ती बसली. अठरा वर्षांत पाळीच्या आठवड्यात होडीत बसायची तिची ही पहिलीच खेप. नदीच्या मध्यापर्यंत होडी सरळ गेली. काठ जवळ आला तशी भागोजी-मोरूनं वल्ही थांबवली. होडी मंदावली, आणि प्रवाहाच्या ओढीनं तिचं तोंड खालच्या अंगाला वळायला लागलं. कुशाबानं सुकाणू पार मुरगाळलं. होडी बधली नाही. आडवी होऊन उतरायच्या जागेच्या खाली वीस हातांवर करंजाच्या जाळीत घुसली, कलंडली, आणि घोट्यापर्यंत पाणी आत आलं.

बाजाराला निघालेल्या बनुबाईची तांदळाची पाटी भिजली. “भावोजी, सुकाणू हातात होतं म्हनं! का हातात झोप होती?”

“फिरवलं की मी! आयकलंच नाय त्यानं.”

“आयकणार कसं?” फांद्या बाजूला सारत रावजी म्हणाला. “सुकाणूवरनं पाणी जोरात वाहिलं, तर ते आयकतं. होडी थांबत आली का सुकाणू म्हंजे नुसती फळी. गोदीत मोठमोठ्या बोटींचं तेच होतं. म्हणून आमची टग त्यांच्या तोंडाला बाजूनं रेटते. आता तर एक परदेशी बोट आली, तिला टगच लागंना. पाण्याखाली तोंडाशी या बाजूपासनं त्या बाजूपर्यंत आरपार भोक, आत पंखा. पंखा पाणी डावीकडं फेकतो, तोंड उजवीकडं सरतं. उलटा फिरवला का उलटं.”

“आनी ते आभाळात मानसं पाठवतात ती गाडी कशी वळते?” मोरूनं विचारलं. “तिथं कुठलं पाणी?”

“तिथं आपल्याजवळचाच वायू एका अंगानं फेकायचा. होडीतनं धोंडा फेकलास तर होडी उलटी सरकते का नाय? तसं. पण तिथं अडवायला काय नाय, एकदा फिरली का फिरतच राहते. म्हणून थांबवायला उलट्या अंगानं परत फुसकारा.”

कुशाबानं दाढी खाजवली. “म्हंजे इतकी वर्षं होडी काठाला लावत होती ती बांबूवाली?”

“व्हय.”

“मग बये, तुला सुट्टी नाय. तुझ्यावाचून होडी लागायचीच नाय.”

रावजीचा चेहरा पडला. बायकोला सोडवायला गेला आणि अडकवून बसला. बयाबाई मात्र चिडली नाही; चिडायलाही अंगात जोर लागतो.

“मामंजी,” ती म्हणाली, “मधे पाणी जोरात तवर तुमी मागं बसा. काठाशी सुकाणूची फळी होते ना? मग तिथं बसून काय करता? पुढं येऊन बांबू तुमी रेटा. फळी मी धरून बसते.”

भागोजी फिसकन हसला. “आता बोला!”

परतीच्या खेपेला वल्ही थांबली तसा कुशाबा पुटपुटत उठला, बाकांना धरत तोंडाशी गेला आणि बांबू तळाला रोवून अंगभर रेटला. दोनदा घसरला. तिसऱ्या रेट्याला होडी तिरपीच, पण लागली. तो धापा टाकत खाली बसला.

“रोजचं हाय हे?”

“रोजचं,” बयाबाई म्हणाली.

“उद्या मीच येतो पुढं,” तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

माणसं उतरली. होडीत पाणी तसंच होतं. बयाबाईनं डबा डाव्या हातात घेतला, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि पाणी उपसायला वाकली.