गोणपाटातला बर्फ

आमच्या घरात लेकीआधी घोड्यावर बसलेला एकमेव माणूस मी. तोही लग्नात. वाटेत बोंबील वाळत घातले होते, त्या वासाला घोडी बिथरली आणि मला घेऊन मांडवाच्या उलट दिशेला सुटली. वऱ्हाड मागून धावत. त्यामुळे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत आमचं कुटुंब उतरणार हे कळल्यावर रेवदंड्यात कोण कोण हसलं, ते सांगत बसत नाही. कोण हसलं नाही ते सांगणं सोपं. घोडी.

ती लेकीची. समुद्रावर पर्यटकांना फिरवून कंटाळलेली तांबडी घोडी लेकीनं हट्टानं घरी आणली, वाडीत बांधली आणि रोज कॉलेजच्या आधी पुळणीवर पळवली. घोडीला नुसता लेकीच्या चपलांचा आवाज आला तरी मान वर व्हायची. माझ्या आवाजाला कधी झाली नाही.

शर्यत अशी: साळावहून निघायचं, आगरदांड्याला पोचायचं, त्याच वाटेनं परत. पहिला कोण येतो यापेक्षा घोडा धड परत येतो की नाही, याला तिथे जास्त मान. वाटेत थांबे. थांब्यावर घरच्यांनी खोगीर उतरवायचं, घोड्याला पाणी पाजायचं, अंगावर पाणी मारायचं, हळूहळू फिरवायचं. ठरल्या वेळात छातीचे ठोके खाली आले तर डॉक्टर पुढे सोडणार, नाहीतर खोगीर टेम्पोत टाकून घरी.

थोडक्यात, गार करायचं काम. हे ऐकून माझी छाती फुगली. होड्यांना बर्फ पुरवणारा माणूस मी. अख्ख्या बंदराची मासळी गार ठेवतो, एक घोडी काय!

जाताना काशीदच्या थांब्यावर ठोके उतरता उतरेनात. वेळ संपता संपता कसेबसे उतरले. शेजारच्या कुटुंबातले एक गृहस्थ आपल्या घोड्याला खरारा करत म्हणाले, "काय शेठ, घोडी आणलीय की प्रेशर कुकर?"

मी हसलो. पण लागलं.

लेक पुढे गेली. आगरदांड्याच्या थांब्यासाठी बायको मेव्हण्याच्या गाडीतून गेली आणि मी टेम्पो उलटा फिरवून रेवदंडा गाठलं. पाण्याची पिंपं जागा अडवत होती, ती उतरवून ठेवली. मासळीच्या रोजच्या गोणपाटांत बर्फ फोडून भरला आणि परतीच्या वेळेला काशीदच्या सुरूंखाली ऐटीत हजर.

बायको माझ्या आधी येऊन बसली होती. तिनं टेम्पोत डोकावून पाहिलं.

"पिंपं कुठायत?"

"अगं, बर्फ वितळला की पाणीच ना!"

"अहो, बर्फ मेल्या मासळीला लावतात. ही जिती हाय."

"तू भातशेतीवाली. तुला काय कळतंय बर्फातलं?"

तोवर लेक आली. घोडी घामानं पांढरी झाली होती. मी खोगीर उतरवलं आणि बर्फाची गोणपाटं तिच्या पाठीवर, पुठ्ठ्यांवर बांधून टाकली. खाली ठिबकणारं पाणी बादलीत धरून तिच्या तोंडाशी नेलं. तिनं वास घेतला, फुरफुरली, तोंड फिरवलं. माझ्या लग्नातल्या घोडीनं फिरवलं होतं तसंच. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"बाबा, ती पीत नाहीये."

"पिईल गं. आधी ठोके उतरू देत."

"थोडी फिरवू?"

"हलवू नकोस. गोणपाटं पडतील."

डॉक्टरीण तरुण होती. तिनं नळी लावून ठोके मोजले, मान डोलावली. उतरले होते! मी त्या कुकरवाल्यांकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. मला मिशी नाही.

"आता जरा पळवून दाखव," डॉक्टरीण लेकीला म्हणाली.

लेकीनं दोरी धरली. घोडीनं दोन पावलं टाकली आणि तिचे मागचे पाय लाकडासारखे ताठले. ती जागच्या जागी थरथरत राहिली. मग लघवी केली. काळ्या चहाच्या रंगाची.

"काका, पाणी किती प्यायली ही?"

मी बादलीकडे पाहिलं. बादली भरलेली होती.

"आणि हे बर्फाचं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझं मीच."

डॉक्टरीण ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नीट समजावून सांगितलं. घामानं अंगातलं पाणी आधीच गेलेलं, त्यात प्यायला काही नाही. तापलेल्या स्नायूंवर बर्फ बांधून तिला ठोकळ्यासारखी उभी केलेली. स्नायू आखडून फाटत होते आणि ती घाण मूत्रपिंडात जाऊन अडकत होती. आता एक पाऊलसुद्धा चालवायचं नाही, की टेम्पोत चढवायचं नाही.

सुरूच्या फांदीला सलाइन टांगलं. कुकरवाले गृहस्थ आपलं पाण्याचं पिंप आमच्याकडे ढकलून निघून गेले. त्यातलं ती थोडं प्यायली. मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहिरीवरून पाणी आणत राहिलो. कोणी मागितलं नव्हतं. सकाळी ती आडवी झाली ती उठलीच नाही. लेक तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. समोर समुद्रात पर्यटक रबरी बोटीवरून किंचाळत होते.

"मी ऐकायला नको होतं तुमचं," लेक म्हणाली. माझ्याकडे न बघता. "ती पीत नव्हती, मला दिसत होतं. माझीच चूक."

अपराध माझा, आणि तोही तिनं माझ्याकडून काढून घेतला.

दुपारी घोडी गेली.

मेव्हणा म्हणाला, आमच्या शेताच्या कडेला पुरू, पण खड्डा खणायला जेसीबी उद्या सकाळीच मिळेल. थंडीचे दिवस असले तरी आमच्याकडे दुपारचं ऊन ऊनच. माश्या जमायला लागल्या होत्या. लेक ओढणीनं हाकलत होती.

बायको माझ्याजवळ आली. टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं हळूच सांगितलं, "अहो, बर्फ आणा."

मी रेवदंड्याला गेलो. बर्फ फोडायच्या आधी सगळी गोणपाटं नळाखाली घेतली आणि वास जाईस्तोवर धुतली.