पितळी बुशांची मोटर

धक्क्यालगतच्या मोटरदुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागे बसणाऱ्या बाईला सगळे थोरली म्हणत. दुकान दोघा भावांचं आणि ती मोठ्याची बायको. होडीच्या मागे अडकवायच्या मोटरींचे प्लग, वायसर, पंख्याच्या पिना, पेट्रोलच्या नळ्या, सगळं बावीस वर्षं तिच्या ताब्यात होतं. गिऱ्हाइकाने नुसतं "ते नाही का, गोल असतं" म्हटलं, तरी ती मागे न बघता हात घालायची आणि नेमका तोच भाग काढून ठेवायची. ही विद्या तिला सासऱ्यांनी दिली होती. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दिराचं लग्न उशिरा झालं. धाकटी जाऊ घड्याळजीची मुलगी होती. घरात दोन महिने काढून ती दुकानात येऊ लागली, ती बापाचं भिंग, चिमटे आणि सुईएवढ्या कानशी घेऊनच. थोरलीला आधी बरं वाटलं, चला, डबा खायला सोबत झाली. पण हळूहळू गिऱ्हाइकं काउंटरला वळसा घालून सरळ आत जायला लागली आणि "त्या धाकट्या बाईंना दाखवतो" म्हणायला लागली. थोरली वरवर हसायची. आतून मात्र काहीतरी कुरतडत राहायचं.

अशात एक म्हातारा होडीवाला हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली मोटर घेऊन आला. त्याच्या वडिलांची होती. चाळीस वर्षं शेडमध्ये पडून होती, वरची नावाची पट्टी कधीच गळून गेलेली. त्याचं मागणं दोनच गोष्टींचं होतं. ही कुठली, केव्हाची, ते कळावं. आणि एकदा ती चालू होऊन ती लावलेल्या होडीत बसायला मिळावं.

थोरलीने टाकीचा आकार पाहिला. दोन सिलिंडर एकमेकांकडे पाठ करून आडवे बसवलेले होते, वरच्या जड चाकाला दोरी गुंडाळायची खाच होती. तिने अंदाज सांगितला, साठ वर्षांची असेल. थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, होकाराची मान हलवली.

धाकटीने मोटर बाकावर घेतली आणि दोन दिवस चिंधीला थिनर लावून रंगाचे थर उतरवले. हिरव्याखाली निळा होता, निळ्याखाली काळा. सिलिंडरच्या कडेला नाण्याएवढं पितळी बूच निघालं आणि भिंगाखाली त्यावर ठोकलेले आकडे दिसले. तिने ते कागदावर उतरवून जुन्या मोटरी जमवणाऱ्या एका गृहस्थांना फोटोसकट पाठवले. आठवड्यात उत्तर आलं. मोटर एक्याऐंशी वर्षांची निघाली. चाक आणि कार्बुरेटर मूळचेच होते, टाकी तेवढी मागाहून कुणीतरी दुसऱ्या मोटरीची बसवलेली. म्हणजे थोरलीचा अंदाज चुकला तो टाकीमुळे.

म्हाताऱ्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. थोरला बाकापाशी उभा होता. "डोळा आहे हिला," तो म्हणाला.

एवढंच. पण हा माणूस बावीस वर्षांत बायकोच्या कामाबद्दल बरं-वाईट एक अक्षर बोलला नव्हता. तो मितभाषीच आहे, अशी थोरलीने स्वतःची समजूत घातली होती. आता कळलं, त्याला बोलता येत होतं. त्या दिवशी तिने वायसरचा एक खण तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

पुढचे पंधरा दिवस धाकटी त्या मोटरीत बुडाली होती. ठिणगी पडायच्या जागेवरचा गंज तिने कानशीने असा घासला की वर ओरखडा दिसेना. चिरलेली कॉइल बदलली, कार्बुरेटर उकळत्या पाण्यात धुतला. लागेल ती वस्तू थोरली काढून द्यायची, पण काउंटरवर जरा जोरात ठेवायची. धाकटी "थँक्यू ताई" म्हणायची. ती इतकं गोड बोलते याचाही थोरलीला राग यायचा. भांडकुदळ असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मोटर पाण्याच्या पिंपात चालवून बघायच्या दिवशी धाकटी इंधनाचा डबा घेऊन काउंटरवर आली. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम पहिल्यापासून थोरलीचं. धाकटीने विचारलं, "ताई, पाच लिटरला शंभर मिलीच ना?"

सासऱ्यांचे शब्द थोरलीला स्पष्ट आठवले. आताच्या मोटरींना शंभर पुरतं. या जुन्यांमध्ये बेअरिंग नसतं, नुसते पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, असतात. त्यांना तिपटीने तेल लागतं, नाहीतर त्या जागच्या जागी धरतात, आवळून बसतात.

"भिंतीवर लिहिलंय की," थोरली म्हणाली आणि शंभर मिली मोजून ओतलं. ती खोटं बोलली नव्हती. भिंतीवर तेच लिहिलं होतं.

दुसऱ्याच झटक्याला मोटर चालू झाली. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. दीर हसत बायकोकडे बघत होता. पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चाललं, कारण सिलिंडरमध्ये आधी घातलेलं तेल होतं. मग धूर विरळ होत गेला. धाकटीने वेग वाढवला. आवाज आधी भरलेला होता, तो बारीक झाला आणि चढत गेला. थोरली काउंटरमागून ऐकत होती. धरू दे, असं तिच्या मनात अगदी स्वच्छ शब्दांत आलं. सगळ्यांसमोर धरू दे.

तेवढ्यात म्हाताऱ्याने हात पुढे करून टाकीवर ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. थोरली काउंटर ओलांडून कधी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. धाकटीला बाजूला सारून तिने वेगाची लिव्हर पार मागे ओढली. मोटर कचकन थांबली. थोरल्याने चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरलं, पण जड.

"तेल कमी पडलं," थोरली म्हणाली. "तिप्पट लागतं हिला. मला माहीत होतं."

धाकटीने हात पुसले आणि सावकाश म्हणाली, "तुम्हाला मला पाडायचं होतं, तर मलाच पाडायचं होतं, ताई. मोटर या आजोबांची होती."

थोरलीने म्हाताऱ्याची माफी मागितली. धाकटीची मागायला जीभ उचलली नाही.

रात्री जेवताना थोरल्याने विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? बाबांनी, ती म्हणाली.

"मला नाही सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. "दुकान मला दिलं आणि शहाणपण तुला. पहिल्यापासून तसंच होतं त्यांचं."

बावीस वर्षं ज्याला थोरली मितभाषीपणा समजत होती तो हा सल होता. तिला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला.

मोटर उघडली तेव्हा एका पिस्टनवर दोन बोटं लांब ओरखडे निघाले. ते घासून काढायला धाकटीला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ती थोरलीशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी डबा काउंटरवर ठेवून तिने फक्त बघितलं. थोरलीने पाच लिटरला तीनशे मिली घातलं, वर थोडंसं आणखी, आणि असं का ते सगळं नीट सांगितलं. धाकटीने वहीत लिहून घेतलं.

मोटर म्हाताऱ्याच्या होडीला लागली. सुकाणू धाकटीच्या हातात होतं, म्हातारा पुढे बसला होता आणि मागे निळ्या धुराचा लोट. धक्क्यावरची माणसं खोकत खोकत हसत होती. होडीत आणखी एका माणसाची जागा होती, पण थोरलीला कुणी बोलावलं नाही. बोलवावं असं तिने काही केलंही नव्हतं.

पुढे लांबलांबून जुन्या मोटरी दुकानात यायला लागल्या. दोघी जावा एकाच बाकावर काम करतात. एकीचे डोळे चालतात, दुसरीचे कान, आणि दुकान पूर्वीपेक्षा बरं चालतं. मी त्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून थोरली मला म्हणाली, "आमचं बरं आहे. पण कुणी दारात उभं राहून 'त्या धाकट्या बाई आहेत का' विचारलं, की अजून पोटात दुखतं. मी आत हाक मारते. एकदाच मारते, दुसऱ्यांदा नाही."