गाडीचं सॅम्पल

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी आमच्या गाडीला लघवीचा त्रास सुरू झाला.

सायलेन्सरमधून टपटप पाणी! मयूर विहारच्या सोसायटीत रोज सकाळी मी गाडी पाच मिनिटं चालू करून उभी ठेवायचो (बॅटरी उतरू नये म्हणून, हिचाच हुकूम), आणि खाली हे तळं. वर जानेवारीची थंडी. गाडी हिच्या पगारातून आलेली. मी सातवी पास, ऑफिसात फाइली उचलणारा. शेजारची सीट अजून हिच्या दुखऱ्या गुडघ्यांना लागायची तेवढी मागे आहे. तिला मी हात लावत नाही, कुणाला लावू देत नाही.

गुडगावची माझी मुलगी वंदना आधीच बजावून बसलेली, "बाबा, आता एक जरी बिघाड निघाला ना, तर गाडी विकायची. बिल्कुल!"

म्हणून तिला पत्ता लागू दिला नाही. अकरा महिने हिच्या लघवीच्या बाटल्या मीच लॅबमध्ये पोचवल्या. सॅम्पल पाहिल्याशिवाय डॉक्टर मान वर करत नाही, एवढं मला कळतं. औषधाची रिकामी बाटली धुतली, सायलेन्सरखाली धरली, भरली आणि निघालो करोल बागेतल्या मेकॅनिककडे. मेट्रोने! (आजारी गाडीला कशाला दगदग?)

मेट्रोच्या तपासणीत शिपायाने बाटली उचलली.

"ये क्या है, अंकल?"

"गाडी का सॅम्पल."

"पीके दिखाओ."

एक घोट प्यायलो! मागे रांग खोळंबलेली, काय करणार? चव थेट हॉस्पिटलच्या चहासारखी. तोही अकरा महिने पचवला होता. मला कधी काही होत नाही.

मेकॅनिकने बाटली हुंगली. "गाडी कहाँ है?"

"घर पे. आराम कर रही है."

त्याने बाटली बाजूला ठेवली. "इंजन का पानी कम होता है?"

"नहीं."

"तो कोई बीमारी नहीं, बाबूजी. ठंड में खड़ी गाडी का धुआँ पानी बन जाता है. सायलेन्सर गरम ही नहीं होता. रोज तीस किलोमीटर घुमाओ."

"कहाँ?"

"अरे, कहीं भी!"

दोन महिने मी गाडी घेऊन भाजीवाल्यापलीकडेही गेलो नव्हतो. कुठेही म्हणजे कुठे जायचं? गुडगावला गेलो. पहिल्या दिवशी वंदनाने मिठी मारली, शिरा केला. तिसऱ्या दिवशी नुसता चहा. पाचव्या दिवशी दार उघडून म्हणाली, "अच्छा, आजही?"

गाडी ठणठणीत आहे हे दाखवायलाच मी येतो, असं तिला वाटलं असावं; आठव्या दिवशी तिने हात जोडले. "बाबा, गाडी ठेवा तुमची. विकायचं नाव काढणार नाही, शपथ! पण रोज नका ना येऊ!"

सायलेन्सर आता कोरडा आहे. गाडी वाचली. घरातून काढून टाकावं असं जुनं सामान एकच उरलंय, आणि ते स्टिअरिंग धरून बसलंय!