‘नाही’चं बटण

खर्ड्यात मी ज्याच्याकडे सातबारा काढायला जातो, तो ऑनलाइन केंद्रवाला माणसाशी बोलतानाही स्क्रीनकडेच बघतो. कुणाची माहिती घेण्याआधी त्याची परवानगी घ्यावी लागणार, असा कायदा आल्याचं त्याने बातम्यांत ऐकलं. तेव्हापासून तो प्रत्येक अर्जाखालच्या अटी मोठ्याने वाचतो. रांग कुरकुरते. तो म्हणतो, "इचारल्याबिगर मी बटन दाबनार न्हाई." हा माणूस शहाणा की त्रासदायक, ते माझं अजून ठरत नाही.

परवा एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. दाखल्याशिवाय त्यांचा निराधार योजनेचा पगार अडला असता. त्याने सगळं वाचून विचारलं, "मावशी, तुमचा फोटो आन् बोटाचे ठसे ते ठिवनार हायेत. चालंल का?"

आजवर सगळे ‘व्हय’ म्हणत आले होते. आजी म्हणाल्या, "न्हाई. मला न्हाई चालत."

त्याचा हात माऊसवर थांबला. स्क्रीनवर ‘मान्य आहे’ एवढं एकच बटण होतं. त्याने वर-खाली शोधलं. मग पान बंद करून पुन्हा उघडलं आणि एवढ्यात दुसरं बटण आलं असेल, अशा आशेने वाकून बघितलं.

रांगेतले आम्हीही वाकलो.